ऑल्टेक लॅन्सिंग : कर्ण्यांच्या घराण्याची वाटचाल

बोलपट आला तेव्हा पडद्यावरची माणसं बोलू लागली, पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याइतकी ताकद यंत्रांत नव्हती. १९३०च्या दशकात वेस्टर्न इलेक्ट्रिकने अमेरिकेतल्या लहान चित्रपटगृहांसाठी केलेला ९१ मालिकेतला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. आज लाखाच्या घरात किंमत मोजून लोक ज्याच्या मागे लागतात तो ३००बी व्हॉल्व्ह त्यात होता आणि त्यातून मिळत होते जेमतेम आठ वॅट. तेवढ्या बळावर शेकडो प्रेक्षकांना संवाद ऐकवायचा, गाणं ऐकवायचं, आगगाडी धडधडवायची. पुढे रॉकच्या मैदानी मैफलींपर्यंत पोचलेल्या मोठ्या लाउडस्पीकरांचा इतिहास या विजेच्या टंचाईतून सुरू होतो. ऑल्टेक लॅन्सिंग या संस्थेला त्या इतिहासात मी मूळपुरुषाचा मान देतो.

टंचाईवरचा उपाय होता कर्णा. कागदी शंकू उघड्या हवेत हलवला, तर हवा त्याच्या समोरून सहज निसटते आणि दिलेल्या विजेतला एखादा टक्काच आवाज होतो, बाकीची उष्णता. तोच हलका पडदा कर्ण्याच्या अरुंद गळ्यापाशी बसवला, तर हवेला निसटायला जागा उरत नाही. दाब वाढतो, आणि कर्णा हळूहळू रुंदावत तो दाब सभागृहाच्या हवेकडे सोपवतो. मग त्याच विजेत कितीतरी पट आवाज निघतो. जत्रेतल्या तमाशाच्या कनातीवर बांधलेला भोंगा बॅटरीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरवर सगळं माळरान कसा व्यापायचा, त्याचं उत्तर हेच. फरक इतकाच की भोंग्यात फक्त मधला आवाज येतो. हॉलिवूडला खर्जही हवा होता आणि झांजेची किणकिणही.

हे जमू शकतं याची खात्री बेल लॅबोरेटरीजने २७ एप्रिल १९३३ रोजी दिली. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये बसले होते. तिथे ध्वनीची सूत्रं खुद्द वाद्यवृंदाचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या हातात होती. तारांवरून तीन वेगळ्या वाहिन्यांनी आलेला आवाज खर्जाच्या आणि उंच स्वरांच्या वेगवेगळ्या कर्ण्यांतून उमटला. पण प्रयोगशाळेतलं यंत्र चित्रपटगृहात आणलं की नव्या अडचणी दिसतात. एमजीएम स्टुडिओतली एलिनॉर पॉवेलच्या टॅप नृत्याची गोष्ट ध्वनितंत्रज्ञ अजून सांगतात. तिच्या बुटाचा एक ठोका पडला की कानाला दोन ऐकू येत. खर्जाचा कर्णा लांब होता, त्यातून येणाऱ्या आवाजाला काही फूट जास्त चालावं लागे आणि उंच स्वर आधी पोचून मोकळे होत. ध्वनीला एक फूट कापायला मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो. सतारीच्या लांबलेल्या स्वरात हे कळणार नाही, पण टॅप नृत्यात लपत नाही.

एमजीएमच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर आणि त्यांचे अभियंते जॉन हिलियर्ड यांनी ही दुरी मिटवणारी नवी रचना केली. तिच्यासाठी लागणारे पडदे, चुंबकं, वेटोळी बनवणारा कारागीर लॉस एंजेलिसमध्येच होता : जेम्स बी. लॅन्सिंग. जन्मनाव जेम्स मार्टिनी, जन्म १९०२, इलिनॉय. १९२७मध्ये केन डेकर या भागीदाराबरोबर त्याने लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली होती. शिअरर कर्णा या नावाने ओळखल्या गेलेल्या या रचनेला १९३६ सालासाठीचं अकॅडमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. लॅन्सिंगच्या हाताला मात्र यश मिळालं तरी हिशेब जमला नाही. व्यवहार सांभाळणारा डेकर १९३९मध्ये विमान अपघातात गेला आणि कंपनी डगमगू लागली.

इथे दुसरी धार येऊन मिळते. वेस्टर्न इलेक्ट्रिकची चित्रपटगृहांतली यंत्रं सांभाळणारी शाखा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दबावाखाली १९३७मध्ये वेगळी करावी लागली. तिथल्या अभियंत्यांनी ‘ऑल टेक्निकल सर्व्हिस’ नावाने स्वतंत्र संसार मांडला, तेच ऑल्टेक. त्यांच्याकडे देशभरची गिऱ्हाइकं होती, पण स्वतःचा कारखाना नव्हता. लॅन्सिंगकडे कारखाना होता, पैसा नव्हता. १९४१मध्ये ऑल्टेकने लॅन्सिंगची कंपनी विकत घेतली आणि ऑल्टेक लॅन्सिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. या संस्थेची सर्वांत चांगली पाच वर्षं त्यानंतरची, ती युद्धाच्या धामधुमीतली असली तरी. ६०४ ड्युप्लेक्स या काळातला. पंधरा इंची शंकूच्या पोटातच उंच स्वरांचा कर्णा बसवलेला हा स्पीकर पुढे कित्येक दशकं अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत कानाचं प्रमाण म्हणून वापरला गेला. विद्युतचुंबकाला सतत वीज पुरवण्याची कटकट जाऊन अल्निको हे कायम चुंबक आलं ते याच काळात. आणि १९४५मध्ये लॅन्सिंग व हिलियर्ड यांनी चित्रपटगृहासाठीची सुधारित रचना मांडली : ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’. तिच्या कुटुंबात ए-४सारखे मोठे, पंख लावलेले संच होते, आणि धाकटा, जगभर पोचलेला ए-७.

हा ए-७ मी पहिल्यांदा जवळून ऐकला तो अ‍ॅनाहाइमजवळच्या एका गॅरेजमध्ये. ऑल्टेकचा कारखाना पुढे याच गावात होता, म्हणून हे ठिकाण मला महत्त्वाचं वाटतं. यजमान मूळचे पुण्याचे, निवृत्त अभियंते. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्या दोन्ही गाड्या बाहेर उन्हात उभ्या असतात, कारण आत ए-७ची जोडी, एक उघडलेला ए-४, कपाटभर २८८ आणि ८०२ ड्रायव्हर (कर्ण्याच्या गळ्यापाशी बसणारे पडदा-चुंबकाचे संच) आणि भिंतीला टेकवलेले अनेककोशी कर्णे आहेत. मी रेकॉर्ड लावण्याची वाट बघत होतो. काका म्हणाले, “थांब रे, आधी मागून बघ. समोरून सगळेच बघतात.”

मागून बघितल्यावर ए-७ कळतो. खाली करड्या रंगाचं मोठं खोकं आहे. त्यातल्या पंधरा इंची शंकूच्या पुढे लाकडी कर्ण्याचं छोटं तोंड आणि खाली हवेला मोकळी वाट. वर धातूचा कर्णा नुसता ठेवलेला, त्याच्या शेपटाला ड्रायव्हर. दोघांची वाटणी ५०० किंवा ८०० हर्ट्झच्या आसपास. वरचा कर्णा जखडलेला नाही, पुढेमागे सरकतो. काकांनी तबल्याचं एकल वादन लावलं. झाकीर हुसेन असते तरी त्या क्षणी मी ‘धा’ सोडून काही ऐकलं नसतं, कारण काकांनी तेच ऐकायला सांगितलं होतं. ‘धा’ म्हणजे दायाँ आणि बायाँ एकाच क्षणी. या स्पीकरमध्ये बायाँची घुमक खालच्या खोक्यातून येते आणि दायाँच्या चाटेची टणक वरच्या कर्ण्यातून. काकांनी कर्णा वीतभर पुढे ओढला, आणि तबला पोकळ झाला. बोल ओळखू येत होते, पण मधला मांसल भाग गेला होता. ८०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर. वीत म्हणजे तिचा साधारण निम्मा भाग. खालून आलेली लहर चढत असताना वरून आलेली उतरू लागते, आणि दोघी नेमक्या सांध्यावर एकमेकींना खातात. मग त्यांनी बोटभर बोटभर कर्णा मागे नेला. एका जागी ‘धा’ पुन्हा एकाच हातातून पडल्यासारखा आला आणि तबला गॅरेजच्या मध्यभागी उभा राहिला. काकांनी तिथे खडूची रेघ मारली.

एलिनॉर पॉवेलच्या बुटांनी १९३०च्या दशकात जी खोट दाखवली, ती दुरुस्त करण्याची सोय या साध्या सरकत्या कर्ण्यात ठेवलेली आहे. याला मी मोठी अभियांत्रिकी म्हणतो. आज हेच काम संगणकीय विलंबाने होतं, आणि उत्तम होतं. पण इथे ते हाताने करता येतं, कानाने तपासता येतं आणि पहिल्यांदा आलेल्या माणसाला समजावून देता येतं.

दुसरी गोष्ट ताकदीची. अ‍ॅम्प्लिफायरचा काटा एका वॅटच्या आसपास रेंगाळत होता आणि आम्हाला बोलायला आवाज चढवावा लागत होता. ए-७ची संवेदनशीलता एका वॅटला, एका मीटरवर शंभर डेसिबलच्या पुढे जाते. घरातल्या बऱ्याचशा आजच्या स्पीकरांची ८८च्या आसपास असते. पंधरा डेसिबलचा फरक धरला तर ए-७ला एक वॅट जिथे पुरतो, तिथे त्यांना तीसहून जास्त लागतात. जुन्या स्पीकरांचा आवाज ‘जिवंत’ वाटतो असं हौशी लोक म्हणतात, त्यामागे माझ्या मते स्मरणरंजन कमी आणि हे गणित जास्त आहे. थाप अचानक दहापट जोरात आली तरी यंत्राला धाप लागत नाही.

काकांच्या कपाटात वरचा खण ऑल्टेकचा आणि खालचा जेबीएलचा. दोन्ही नावांत एकच माणूस आहे. लॅन्सिंग १९४६मध्ये ऑल्टेकमधून बाहेर पडला आणि त्याने पुन्हा स्वतःची कंपनी काढली. चपटी तार उभ्या कडेवर गुंडाळून चुंबकाच्या फटीत जास्तीत जास्त धातू बसवण्याची त्याची हातोटी तिथे चार इंची वेटोळ्याच्या डी१३० स्पीकरमध्ये दिसते. पण कर्ज पुन्हा चढलं. सप्टेंबर १९४९मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच्या आयुर्विम्याचे दहा हजार डॉलर कंपनीला मिळाले आणि बिल थॉमस या सहकाऱ्याने ती तगवली. ‘लॅन्सिंग’ या नावावर ऑल्टेकने हरकत घेतल्यामुळे पुढे आद्याक्षरं तेवढी राहिली. संस्थेच्या वाटचालीत अशा माणसाचा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो. मला ते पटत नाही. त्याच्या हाताने ठरवलेली मापं दोन्ही घराण्यांत पुढे कित्येक वर्षं चालली.

ही दोन घराणी पुन्हा एकत्र आली ती कुणाच्या करारामुळे नाही, गर्दीमुळे. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला चार लाखांहून जास्त माणसं जमली. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डच्या बिल हॅन्ली यांनी माणूसभर उंचीची प्लायवुडची खोकी मचाणांवर चढवली. एकेका खोक्यात पंधरा इंची चार जेबीएल स्पीकर, आणि उंच स्वरांसाठी ऑल्टेकचे अनेककोशी कर्णे. चित्रपटगृहाच्या पडद्यामागे लपलेलं यंत्र उघड्या आभाळाखाली आलं. मैफलीसाठी वेगळी यंत्रणा अजून फारशी बनलेलीच नव्हती, म्हणून सिनेमाचीच बाहेर काढली गेली. पाच वर्षांनी, मार्च १९७४मध्ये, ग्रेटफुल डेड या रॉक बँडने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली : सहाशेच्या आसपास स्पीकर, बहुतेक जेबीएल, मॅकिंटॉशचे अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येक वाद्याला स्वतःची वेगळी रास, आणि ही सगळी भिंत वादकांच्या पाठीमागे. तीच त्यांना ऐकायची, तीच श्रोत्यांना. पाठीमागचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी घालू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे उलट जोडलेले दोन माइक होते. गायचं त्यांतल्या एकातच, म्हणजे भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरून आपोआप वजा होई. कल्पना थोर, ट्रकांचा आणि माणसांचा खर्चही तसाच. ऑक्टोबरपर्यंत ती भिंत उतरली.

त्यानंतरची उतरण झपाट्याने सांगता येते. ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले, आणि ट्रकातली जागा महाग झाली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोबाल्टचे भाव भडकले आणि अल्निकोची जागा फेराइटने घेतली. नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या क्रिस्तियाँ हाइल यांची व्ही-डॉस्क ही स्पीकरांची उभी ओळ आली आणि मोठ्या कर्ण्यांचे ढीग मैदानांतून हटले. ऑल्टेक पुन्हा पुन्हा विकली गेली, अ‍ॅनाहाइम सोडून ओक्लाहोमा सिटीला गेली आणि शेवटी व्यावसायिक उत्पादन थांबलं. नाव मात्र वेगळ्या वाटेने निघालं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत संगणकाशेजारी ‘ऑल्टेक लॅन्सिंग’ लिहिलेले छोटे प्लास्टिकचे स्पीकर होते. व्हॉइस ऑफ द थिएटरशी त्यांचं नातं फक्त शिक्क्याचं.

खरं नातं ओक्लाहोमा सिटीत टिकलं. ऑल्टेकच्याच जुन्या माणसाने कारखान्याचे साचे आणि हत्यारं घेऊन ‘ग्रेट प्लेन्स ऑडिओ’ सुरू केली आणि मूळ मापांचे पडदे, शंकू, ड्रायव्हर पुन्हा घडवले. काकांच्या कपाटातले निम्मे ड्रायव्हर त्या पडद्यांमुळे बोलतात. अल्निको आपटलं किंवा निष्काळजीपणे उघडलं की त्याचं चुंबकत्व उतरतं, ते पुन्हा भरून घ्यावं लागतं. २८८चा पडदा नाजूक अ‍ॅल्युमिनियमचा, बोटाचा धक्काही त्याला सोसत नाही. प्रत्येक ड्रायव्हरबरोबर काकांनी एक कार्ड ठेवलं आहे : पडदा कधी बदलला, चुंबक कधी भरलं, मोजणीत काय आलं. मी निघताना त्यांनी कार्डांचा गठ्ठा छायाचित्रं काढण्यासाठी माझ्याकडे दिला आणि बजावलं, “पेन्सिलीचं लिहिलेलंही नीट यायला हवं. पुढच्याला तेच लागणार आहे.” ए-४चे पंख अजून सापडायचे आहेत. ते मिळाले की त्यावर कुमार गंधर्वांचं गाणं ऐकायचं, हे आमच्यात ठरलं आहे.