काठीच्या टोकावरचा हत्ती

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यास बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद जिंकले आणि हा साहेबी खेळ आपल्यालाही आपलासा वाटू लागला. खेळाडूंचे कौतुक सारेच करतात. मला मात्र या खेळातल्या काठीच्या टोकाचे कुतूहल वाटत आले आहे. त्या बोटभर जागेत दोनशे वर्षांचा इतिहास दडला आहे.

पूर्वी हे टोक नुसत्या लाकडाचे असे. चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला मारले, की ते घसरे. १८०७ च्या सुमारास फ्रांस्वा मँगो या फ्रेंच कप्तानाने त्यावर चामड्याची टिकली बसवली. ही युक्ती त्याला तुरुंगात सुचली, असे सांगतात. आता चेंडूला मनाजोगी फिरकी देता येऊ लागली. पण ठोक्यांनी लाकूड चिरू नये म्हणून टिकलीखाली टोपण हवे. ते पुष्कळदा हस्तिदंताचे करीत.

चेंडूही हस्तिदंताचेच. १८६३ साली अमेरिकेत पर्यायी चेंडूसाठी १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्याच ध्यासातून जॉन वेस्ली हायटचे सेल्युलॉइड निघाले. चेंडूंतून हत्ती हळूहळू सुटला. काठीच्या टोपणात मात्र अडकून राहिला. हस्तिदंताचा ठोका काही निराळाच, असे शौकीन म्हणत.

मग हिशेब मांडला गेला. चेंडूला उजवीकडे मारले, तर तो किंचित डावीकडे सरकतो. ठोका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा. तेवढ्यात साऱ्या काठीचे नव्हे, टोकाजवळच्या काही इंचांचेच वजन कामी येते. ते जितके जड, तितका चेंडू अधिक ढळतो. हस्तिदंत तर मेपलच्या लाकडाहून दुपटीने जड! सवयीचा खेळाडू नेम बदलून ही खोड सांभाळून घेई, एवढेच. १९९० नंतर कारागिरांनी टोक आतून पोकळ केले, हलक्या प्लास्टिकचे टोपण घातले. पुढे कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या. नेम अधिक सरळ झाला.

आफ्रिकी हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचे १९८९ साली ठरले, ते हत्ती वाचावा म्हणून. खेळाचे त्यात काहीच बिघडले नाही. ज्या शुभ्र टोपणासाठी एवढा थोरला जीव गेला, त्याची चेंडूला गरजच नव्हती. हौस होती ती आपल्या डोळ्यांना.