४२.३४ मीटर आणि माझा ट्यूनर

आमच्या बजाजनगरात घरं एकाला एक चिकटून. मला हॅम रेडिओचा नाद, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलायचं. त्यातल्या ४० मीटर बँडसाठी साधारण २० मीटर सरळ तार लागते. ती टाकली तर तिसऱ्या घरावर जाईल! म्हणून आमची तार पाण्याच्या टाकीपासून निघून गच्चीला वळसा घालते.

अशी वाकडी तार सेटशी जुळत नाही. पाठवलेली शक्ती परत फिरते. गेल्या वर्षी त्यातच माझे आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले. तार आणि सेटची सोयरीक जमवणारा मध्यस्थ म्हणजे ट्यूनर. तो घरीच बनवला, तोही ऑटोमॅटिक. ७ कॉइल, ७ कपॅसिटर, आणि रिले चालू-बंद करून योग्य जोडी शोधणारा मायक्रोकंट्रोलर.

पहिल्या व्हर्जनमध्ये सगळ्या जोड्या तपासायला लावल्या. कपॅसिटर कॉइलच्या अलीकडे की पलीकडे हे धरून ३२,७६८! एकीला १० मिलिसेकंद म्हटलं तरी साडेपाच मिनिटं आपली शिट्टी हवेत.

त्याच सुमारास काँग्रेस रेडिओबद्दल वाचत होतो. ऑगस्ट १९४२. 'चले जाव' नंतर पुढारी तुरुंगात. मुंबईत २२ वर्षांच्या उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी गुप्त केंद्र सुरू केलं. युद्ध लागल्यावर, १९३९ मध्येच, सरकारने हौशी लोकांचे ट्रान्समीटर जमा करायला लावले होते. तरी नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने यंत्र उभं केलं. केंद्र लागायचं ४२.३४ मीटरवर. सहज गणित केलं तर ७.०८ मेगाहर्ट्झ. अरेच्चा, हा तर आपलाच बँड! मी रविवारी गप्पा मारतो तिथलाच.

पोलिस मागावर, म्हणून केंद्र सारखं घरं बदलायचं. जागा बदलली की तार बदलते, आणि तार बदलली की जुळणी पहिल्यापासून. तीही हाताने, मीटरच्या काट्याकडे बघत. जुळणी करताना ट्रान्समीटर चालू ठेवावा लागतो. म्हणजे एक शब्द बोलायच्या आधीच शोधणाऱ्याला माग मिळतो. माझी साडेपाच मिनिटं तिथे किती महागात पडली असती!

१२ नोव्हेंबर १९४२ ला केंद्र पकडलं गेलं. पत्ता दिला तो आधी अटक झालेल्या प्रिंटरनेच. यंत्र बांधणारा आणि पत्ता सांगणारा एकच, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. उषाताईंना ४ वर्षांची शिक्षा झाली.

मग ट्यूनर पुन्हा उघडला. तीन बदल केले. जुळणी फक्त ५ वॅटवर, म्हणजे सेट आणि रिले दोन्ही सुरक्षित. आधी मोठ्या पायऱ्या, मग त्याच्या आसपास बारीक शोध. आणि जमलेली जोडी फ्रिक्वेन्सीसकट मेमरीत, पुढच्या वेळी थेट तीच. आता काम दोनेक सेकंदांत होतं.

असो. माझा धोका फार तर एका ट्रान्झिस्टरचा. तरी ७.०८ वर आलो की आता आधी नीट ऐकतो, आणि मगच ट्यूनरचं बटण दाबतो.