चोर जन्मतो की घडतो?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असं आपण एखाद्या पोराबद्दल सहज बोलून जातो. इंग्रज सरकारनं मात्र याच समजुतीचा कायदा केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवता येऊ लागल्या. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. म्हणे, सुधारणेसाठी!

आता दुसरीकडे बघा. लंडनच्या एका बालमार्गदर्शन केंद्रात जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञानं चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास केला. तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली १४ मुलं त्यांना मायेचा ओलावाच नसलेली आढळली. या १४ पैकी १२ जणांची लहानपणी आईपासून दीर्घ ताटातूट झाली होती. अभ्यास लहान आहे. ताटातूट झालेलं प्रत्येक मूल चोर होतं, असा अर्थ त्यातून निघत नाही. पण जी ताटातूट बोल्बींना रोगाचं कारण वाटली, तीच आपल्याकडे सरकार औषध म्हणून देत होतं!

गांधीजींचंच उदाहरण घ्या. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या कड्यातलं सोनं चोरलं आणि कबुलीची चिठ्ठी वडिलांच्या हाती दिली. आजारी वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मार नाही, पोलीस नाही. हाच मुलगा पारध्याच्या पालात जन्मला असता तर? चोरी तीच, पण पुढचं आयुष्य तेच राहिलं असतं का?

म्हणून मला सेवाग्राममधलं जानेवारी १९४५ चं शिक्षण संमेलन महत्त्वाचं वाटतं. १९३७ ची वर्धा योजना ७ ते १४ वयाच्या मुलांसाठी होती. या संमेलनात नई तालीम पाळण्यापर्यंत मागे नेली गेली आणि आईबापांचं शिक्षणही त्यात आलं. मूल घडवायचं तर घरापासून तोडून नव्हे, घरासकट, हा त्यातला विचार.

तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण आपल्या विदर्भात आजही गावात चोरी झाली की संशयाचं बोट आधी पारधी बेड्याकडे वळतं. बाप चौकशीला गेला की दारात उभं असलेलं पोर सगळं पाहत असतं. पोट उपाशी असणं ही वंचना आहेच. आपल्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही, हीसुद्धा वंचनाच. उद्या ते पोर चुकलं, तर आपण त्याचा आड तपासणार. त्या आडात आपण काय टाकलं, हे कोण तपासणार?