दहा टनांचा रोलर आणि लेथची परीक्षा

पावसाळा सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील साखर कारखान्यांची धुराडी थंड असतात. मशीन शॉप मात्र याच दिवसांत गजबजते. गाळप हंगामात झिजलेले रोलर मिलमधून काढून लेथवर चढवण्याचा हा काळ. मोठ्या मिलचा एक रोलर म्हणजे सुमारे ८५० मिलिमीटर व्यासाचे आणि १,७०० मिलिमीटर लांबीचे बिडाचे कवच, पोलादी शाफ्टवर गरम करून बसवलेले. एकूण वजन दहा टनांच्या घरात. असे धूड दोन केंद्रांमध्ये धरून फिरवायचे आणि त्यावर व्ही आकाराचे ग्रूव्ह पुन्हा कापायचे, हे साध्या लेथचे काम नव्हे.

या भागात अवजड लेथ आले ते उसामुळे आणि ऊस आला तो पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांनी या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाणी आणले. १९३२ मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा झाला, परदेशी साखरेवर जकात बसली आणि देशात कारखाने उभारणे परवडू लागले. भोर घाटातील रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटे पार पाडलेले सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊसमळा आणि कारखाना उभा केला. त्या वसाहतीचे पुढे वालचंदनगर झाले.

स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची लाट आली. प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्यापाठोपाठ याच परिसरात माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. वालचंदनगर तोपर्यंत निव्वळ साखरेपुरते उरले नव्हते. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तिथे बनू लागली होती. ज्या गावाने साखर गाळायला सुरुवात केली, त्यानेच साखर गाळणारी यंत्रे घडवायला घ्यावीत, हा भारतीय उद्योगाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रवास आहे.

लेथ चुकला तर काय होते, हे रोलरवर लगेच दिसते. वरच्या रोलरचे दाते खालच्या रोलरच्या ग्रूव्हमध्ये बसावे लागतात. दोन ग्रूव्हमधले अंतर ५० मिलिमीटर धरले, तर १,७०० मिलिमीटर लांबीत ३४ ग्रूव्ह येतात. प्रत्येक ग्रूव्ह आधीच्या ग्रूव्हपासून मोजून कापला आणि दर वेळी केवळ ०.०५ मिलिमीटरची चूक एकाच दिशेने झाली, तर शेवटचा ग्रूव्ह १.७ मिलिमीटर सरकलेला असतो. मग एका टोकाला दाते एकमेकांवर घासतात, झीज वाढते आणि दाब सर्वत्र सारखा राहत नाही. दाब सारखा नसला की बगॅसमध्ये रस राहून जातो. शेतकऱ्याच्या उसातील साखर बॉयलरमध्ये जळते, असा त्याचा साधा अर्थ.

तेव्हा असा लेथ विकत घेताना तो चांगला की वाईट, हे ठरवायचे कसे? विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक गिऱ्हाइकांची भिस्त उत्पादकाच्या नावावर असे. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा बर्लिनच्या एका प्राध्यापकाचा.

गेऑर्ग श्लेझिंगर १९०४ मध्ये बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यापीठात यंत्र-अवजारांच्या अध्यासनावर आले. त्याआधी कारखान्यात अभियंता म्हणून त्यांचे हात काळे झालेले होते. १९२७ मध्ये त्यांनी यंत्र-अवजारांच्या तपासणीची पुस्तिका प्रसिद्ध केली. कोणत्या यंत्राचा कोणता भाग, कोणत्या उपकरणाने, कुठे मोजायचा आणि किती चूक चालेल, याची कोष्टके तिच्यात होती. आज आयएसओ २३० सारख्या आंतरराष्ट्रीय मानकांत जी तपासणी दिसते, तिचा एक मुख्य उगम या पुस्तिकेत आहे.

श्लेझिंगर यांची खरी सूक्ष्म दृष्टी चुकीच्या आकड्यापेक्षा चुकीच्या दिशेत दिसते. लेथचा बेड सपाट हवा, हे कोणीही सांगेल. त्यांची कोष्टके सांगतात की बेडमध्ये किंचित फरक असलाच, तर तो मध्यभागी फुगीर असावा, खोलगट चालणार नाही. कॅरेजच्या सततच्या ये-जा करण्याने बेड झिजत जाणार आहे. आज किंचित फुगीर असलेला बेड काही वर्षांनी सपाट होईल, आज खोलगट असलेला अधिकच खोल जाईल. स्पिंडलमध्ये बसवलेला तपासणीचा दंड ३०० मिलिमीटर लांबीत दोन शतांश मिलिमीटरपर्यंत वर चढलेला चालतो, खाली झुकलेला चालत नाही, कारण कामाचे वजन त्याला खालीच ओढणार. टेलस्टॉकचे केंद्र हेडस्टॉकच्या केंद्राहून अंशभर उंच असावे, कारण यंत्र चालून हेडस्टॉक तापला की तो वर उचलला जातो. नव्या यंत्रात त्याच्या म्हातारपणाची तरतूद करून ठेवणारी ही परीक्षा होती.

श्लेझिंगर ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना अटक केली. सुटकेनंतर स्वित्झर्लंड आणि बेल्जियममार्गे ते इंग्लंडला पोहोचले आणि १९४९ मध्ये तिथेच वारले. त्यांची कोष्टके मात्र कोणत्याही सीमेवर अडली नाहीत.

भारतात हरिहरला म्हैसूर किर्लोस्करने १९४१ पासून लेथ बनवले. स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्तान मशीन टूल्सची स्थापना झाली. अवजड यंत्र-अवजारांसाठी रांचीला चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने कारखाना उभा राहिला. यंत्र निवडताना चुकले, तर परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात दुसरे मागवण्याची सोय नव्हती.

वालचंदनगरच्या मशीन शॉपची खरी कसोटी आली ती उसाच्या बाहेरून. १९७० च्या दशकापासून तिथे इस्रोची कामे येऊ लागली. पुढे पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग आली: व्यास २.८ मीटर, धातू मॅरेजिंग पोलाद, त्यात सुमारे १८ टक्के निकेल. हे पोलाद मऊ अवस्थेत कापून नंतर सुमारे ४८० अंश सेल्सिअसला तापवले की कमालीचे कणखर होते आणि आकार जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे मोजमापाचा बराचसा भार कापणाऱ्या यंत्रावरच येतो.

रोलर जाड आणि भरीव, तर हे कडे प्रचंड आणि पातळ. आडव्या लेथवर धरले तर ते स्वतःच्याच वजनाने लंबगोल होईल. म्हणून इथे उभा लेथ लागतो, ज्याचे टेबल चाकासारखे जमिनीला समांतर फिरते. केसिंगचे तुकडे एकमेकांत बसून पिनांनी जोडले जातात आणि त्या सांध्यात रबरी कडी वायू अडवतात. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळले ते बूस्टरच्या अशाच एका सांध्यातून तप्त वायू निसटल्यामुळे. तिथे सांध्याची रचना सदोष होती आणि थंडीने रबर कडक झाले होते. सांध्याचा गोलाकार ही केवळ नेटकेपणाची बाब नाही, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

याच काळात लेथचे चाक हाताने फिरवणारा टर्नर मागे सरकून संगणक पुढे आला होता. त्याचे मूळ अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेत आणि एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलेल्या, छिद्रांच्या फितीवर चालणाऱ्या मिलिंग यंत्रात आहे. सीएनसी लेथ प्रत्येक ग्रूव्हची जागा एकाच शून्यबिंदूपासून मोजतो, त्यामुळे १.७ मिलिमीटरची ती साचत जाणारी चूक नाहीशी होते. पण एक नवी चूक येते. तीन मीटर लांबीचा बॉल स्क्रू चालून दहा अंशांनी तापला, तर तो सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबतो आणि पडद्यावरचा आकडा तसाच राहतो.

म्हणून अवजड सीएनसी लेथ पाहायला गेलेला जाणता माणूस पडद्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. दोन केंद्रांमध्ये किती टन पेलतात, बेडची रुंदी किती, स्लाइडवे ओतीव आहेत की वरून बसवलेले, जागा मोजायला स्क्रूवर भिस्त आहे की स्वतंत्र मोजपट्टी आहे, हे तो आधी विचारतो. मग आपलेच काम यंत्रावर चढवायला लावतो, तीन-चार तास सलग चालवतो आणि पहिल्या व शेवटच्या कापाचे व्यास ताडून पाहतो. थंड यंत्रावर घेतलेले माप तो वहीत लिहितो खरे, पण त्याखाली रेघ ओढत नाही.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ झेपावले. त्याच्या ३.२ मीटर व्यासाच्या घन इंधन बूस्टरच्या केसिंगचे काही भाग वालचंदनगरला बनले होते. महिना जुलैचा होता, रोलर लेथवर चढवण्याचा.