धोबी तलावात तळं कुठंय?

पीएचडीचा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "विहिरींवर काय संशोधन करायचं?" आज त्याचं उत्तर एक फेरफटका मारून देते. रविवारची सकाळ निवडा, पायात साध्या चपला घाला. दोन तास पुरतात, मध्ये चहा धरून.

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडा आणि वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकाकडे चालू लागा. डाव्या हाताला क्रॉस मैदान लागतं. त्याच्या कडेला, फुटपाथला लागून, रंगीत काचांचं छत असलेली एक छोटीशी जागा आहे. ही भिखा बेहराम विहीर. १७२५ साली एका पारशी गृहस्थाने ती खणवली. समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोडं लागलं, म्हणून ती पवित्र मानली जाते आणि आजही तिथे प्रार्थना चालते. पारशी नसाल तर आत जायचं नाही, बाहेरूनच बघायचं. मी दर वेळी दोन मिनिटं थांबते. मुंबईत जमिनीतून गोडं पाणी निघणं ही केवढी गोष्ट होती, हे इथं उभं राहिल्यावर पटतं. ज्या शहरात एका भागाचं नावच 'खारा कुवा' आहे, तिथं गोड्या विहिरीचं मोल वेगळं सांगायला नको.

आता मैदानाच्या कडेने मेट्रो सिनेमापर्यंत चला. बसच्या पाटीवर 'धोबी तलाव' लिहिलंय. तलाव मात्र कुठेच नाही. इथं खरोखरच तळं होतं आणि धोबी तिथं कपडे धूत. चौकातल्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या इमारतीवरचा इंग्रजी लेख शोधा. या तळ्याच्या बांधणीसाठी फ्रामजी कावसजींनी १८३१ मध्ये मोठी रक्कम खर्च केली, म्हणून सरकारने तळ्याला त्यांचं नाव दिलं, असं त्यात म्हटलंय. गंमत बघा, सरकारी हुकूम निघाला, दगडात कोरला गेला, तरी लोकांच्या तोंडी राहिले ते धोबीच! सीपी टँकचं उलट झालं. ते तळं अठराव्या शतकात कावसजी पटेल यांनी बांधलं. तळं गेलं, त्यांचं नाव मात्र दोन इंग्रजी अक्षरांत आखडून टिकलं. गवालिया टँक, दो टाकी, पायधुनी... नुसती नावं वाचत गेलात तरी शहराचा जुना पाणीनकाशा उभा राहतो.

पण जरा जपून. नाव हा पुरावा असला तरी तो फसवतोही. फोर्टात 'गनबो स्ट्रीट' होती, आजचा रुस्तम सिधवा मार्ग. इंग्रजी कानांना त्यात बंदूक आणि धनुष्य ऐकू यायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेलं मुंबईचं गॅझेटियर मात्र ते नाव गणबाशेट यांच्याशी जोडतं. जगन्नाथ शंकरशेटांचे हे पूर्वज. म्हणून आमच्या कामात नाव हा फक्त पहिला धागा. पुढे कागद लागतात, आणि पाय.

ही तळी गेली कुठे? थोडक्यात सांगते. १८५४ मध्ये पाण्याची एवढी टंचाई झाली, की होड्यांतून आणि रेल्वेने पाणी आणावं लागलं. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं, १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. नळ आल्यावर उघडी तळी म्हणजे घाण आणि वाया गेलेली जागा वाटू लागली. एकेक करत ती बुजवली गेली. विहिरी मात्र राहिल्या, कारण त्या होत्या लोकांच्या अंगणात. माझं संशोधन सुरू होतं ते इथून.

मेट्रोपासून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने गिरगावात शिरा. दोन्ही बाजूंना वाड्या : फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी. वाडी म्हणजे मुळात बाग, आणि बाग म्हणजे विहीर आलीच. कुठल्याही वाडीत घुसून इकडेतिकडे बघू लागलात की "कोण पाहिजे?" हा प्रश्न येणारच. पहिल्यांदा मला तो आला तेव्हा मी गडबडून "विहीर" म्हणाले. ओट्यावर पेपर वाचणाऱ्या आजोबांनी चष्मा वर करून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "महापालिकेतून आलीस का?" नाही म्हटल्यावरच ते उठले. चाळीच्या मागे, सायकली आणि कुंड्यांच्या गर्दीत, दगडी कठड्याची विहीर होती. वर लोखंडी चौकट, चौकटीत जाळी, जाळीला छोटं दार. कठड्यावर झेंडूची दोन सुकलेली फुलं.

महापालिकेचं नाव त्यांच्या तोंडी पहिल्यांदा का आलं असेल? त्यासाठी शंभराहून जास्त वर्षं मागे जावं लागतं.

मलेरिया डासांमार्फत पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला दाखवून दिलं. पुढे मुंबईतल्या मलेरियाचा तपास करायला डॉ. चार्ल्स बेंटली यांना नेमलं गेलं. त्यांचा अहवाल १९११ मध्ये आला. मलेरिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दलदल, डबकी येतात. बेंटलींना गुन्हेगार सापडला तो विहिरींत आणि टाक्यांत. अॅनोफिलिस स्टेफेन्सी हा डास स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो. म्हणजे आजीने जपलेली, रोज पूजलेली, नितळ पाण्याची विहीर हेच त्याचं माहेर! उपाय सरळ होता : विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका.

यावर शहरात मोठी ओरड झाली. तिची हकिगत आपल्याला कळते ती रुस्तम मसानी यांच्यामुळे. ते महापालिकेचे सचिव होते. या वादातून त्यांना विहिरींबद्दलच्या समजुती गोळा करायचा नाद लागला आणि १९१८ मध्ये त्यांनी विहिरींच्या लोककथांवर इंग्रजी पुस्तकच काढलं. कुणाच्या विहिरीत सत्पुरुषाचं वास्तव्य, कुणाच्या विहिरीत देवता. बुजवलीत तर घरावर अरिष्ट येईल, अशी श्रद्धा. पूजेच्या पाण्यावर सूर्यकिरण पडलेच पाहिजेत, असाही आग्रह. शेवटी तडजोड निघाली : विहीर झाका, पण बारीक तारेच्या जाळीने. ऊन आत जाईल, डास बाहेर येणार नाही आणि दार उघडून पाणीही काढता येईल.

वाडीवाडीतून दिसणाऱ्या जाळीचं मूळ हे असं आहे. आजची चौकट नंतर कधीतरी बदललेली असेल, पण कल्पना त्या तडजोडीतली. वरवर पाहिलं तर कचरा पडू नये, मूल पडू नये म्हणून लावलेली वाटते. प्रत्यक्षात डॉक्टर, महापालिका आणि रहिवासी यांच्यातला तो तह आहे, लोखंडात लिहिलेला.

या कथेचा एक सोपा अर्थ लावला जातो : एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा. मला तो पटत नाही. माझं म्हणणं असं, की साहेबासमोर कुठला युक्तिवाद चालतो हे लोकांना चांगलं ठाऊक होतं. "आम्हाला आमचं पाणी आमच्या हातात हवंय" हे सांगून कुणी ऐकलं नसतं. "धर्मात ढवळाढवळ होते" म्हटलं की सरकार दबकायचं. श्रद्धा खोटी होती असं नाही. पण कागदावर उतरली ती तेवढीच, कारण तेवढीच उपयोगी पडत होती. त्यात नोंद ठेवणारा माणूस विहिरी बंद करायला निघालेल्या कचेरीतलाच. अर्ज वाचताना हे विसरून चालत नाही.

आणि दुसरी बाजूही विसरू नका. मलेरियाने माणसं मरत होती; बेंटली उगाच मागे लागले नव्हते. शिवाय 'आमची विहीर' म्हणताना 'आमची' म्हणजे नक्की कुणाची? त्या रहाटाला हात लावायची मुभा सगळ्यांना नव्हती. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, आणि तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं. गिरगावच्या विहिरींबद्दल मी हळवी होते तेव्हा हे आठवून स्वतःला आवरते.

त्या आजोबांना मी जाळीची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण पावसाळ्यात अजून येतात हो ते औषध टाकायला." शंभर वर्षांनी तोच डास, तीच विहीर आणि दारात तीच महापालिका!

तर आता सीपी टँकपर्यंत जा, चहा घ्या, आणि परतताना एखाद्या वाडीत डोकवा. फोटो आधी काढू नका, आधी विचारा. विहीर दिसली तर तीन गोष्टी बघा : वरची जाळी, जाळीतलं दार आणि कठड्यावर फूल आहे का ते. दार अजून उघडत असेल, तर ते कोण उघडतं आणि कशासाठी, तेवढं विचारून मला कळवा. माझ्या वहीत अशा सतरा विहिरी आहेत. अठरावी तुमच्या मागच्या अंगणात असू शकते.