विक्रम, भोज आणि वेताळ : वीरकथेच्या सातत्याचा शोध

पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या वीरकथेचा श्रोता कथाकाराकडे दोन गोष्टी मागत असतो. नायकाला मरण येऊ नये, ही पहिली. आणि त्याच्या चरित्राचा मागचा-पुढचा मेळ बसावा, ही दुसरी. या दोन्ही मागण्या प्रामाणिक आहेत. तथापि त्या एकमेकींच्या आड येतात. जो नायक मरत नाही, त्याच्या वयाचा हिशेब कधी ना कधी चुकतो. आणि ज्याचा हिशेब चोख ठेवावा, त्याला एके दिवशी निरोप द्यावा लागतो.

हा पेच आजकाल चित्रकथांच्या संदर्भात फार बोलला जातो. अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन अवतरला, पुढच्या वर्षी बॅटमॅन आला, आणि तेव्हापासून ते तरुणच राहिले. 'हा पन्नास वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आज कसा?' असे वाचक विचारू लागले. १९६१ साली 'फ्लॅश' नावाच्या वीराच्या कथेत तोड निघाली : जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश हे दोन वेगळ्या पृथ्वींवरचे दोन पुरुष आहेत. पुढे पृथ्वी इतक्या झाल्या की, १९८५-८६ मध्ये बारा अंकांची एक मालिका काढून त्या सर्व एकीत मिसळाव्या लागल्या. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने कथेतील विसंगती दाखवून तिचा खुलासाही पुरवणाऱ्या वाचकाला बक्षीस म्हणून रिकामे पाकीट पाठवण्याची प्रथा पाडली.

हे सर्व विनोदाचे वाटेल. परंतु ही जिज्ञासा परदेशातून आपल्याकडे आलेली नाही. माळव्यातील धार आणि देवास या दोन नगरांभोवती जी वीरकथा वाढली, तिच्यात वरील प्रत्येक युक्तीचे मूळ रूप आम्हांस दिसते. त्या कथेचे धागे पैठणपर्यंत, कोकणापर्यंत आणि आपल्या ग्रामदेवतांपर्यंतही पोहोचलेले आहेत.

प्रथम ताम्रपटांतला भोज पाहू. परमार वंशातील भोजदेव सुमारे इ. स. १०१० ते १०५५ या काळात धारेस राज्य करीत होता. बांसवाडा येथे आणि इंदूर-धार रस्त्यावरील बेटमा येथे सापडलेले त्याचे दोन ताम्रपट इ. स. १०२० चे आहेत. कोकणी वाचकांस विशेष वाटावे असे की, त्यांतील दाने कोकणच्या विजयाच्या पर्वानिमित्त दिलेली आहेत. हा विजय फार काळ टिकला नाही. चालुक्य जयसिंहाच्या इ. स. १०२४ च्या मिरज ताम्रपटात सप्तकोकणच्या अधिपतीचे वैभव हरण केल्याची ग्वाही तो राजा देतो. भोजाच्या नावावरील ग्रंथांत 'सरस्वतीकंठाभरण', 'शृंगारप्रकाश' व 'समरांगणसूत्रधार' प्रसिद्ध आहेत. 'राजमृगांक' हा ज्योतिषाचा करणग्रंथ शके ९६४ पासून गणित धरतो, हे पंचांग पाहणाऱ्यांच्या परिचयाचे असेल. थोडक्यात, हा राजा तिथी-वारासह आपल्यासमोर उभा आहे.

आता कथेतला भोज पाहू. बल्लाळ पंडिताचा 'भोजप्रबंध' सोळाव्या शतकाच्या सुमाराचा, म्हणजे भोजानंतर पाच शतकांनी रचलेला. त्यात भोजाच्या सभेत कालिदास आहे, बाण आहे, मयूर, माघ आणि भवभूतीही आहेत. ही सभा रम्य खरी. पण तिची कालगणना जुळत नाही. बदामीच्या चालुक्यांच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात रविकीर्ती कालिदासाचे नाव आदराने घेतो, म्हणजे तेव्हाच कालिदास कीर्तिमान झालेला होता. बाण सातव्या शतकात हर्षाच्या सभेत होता. भवभूती आठव्या शतकातला, आणि आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. खुद्द भोजाचे समकालीन म्हणजे 'तिलकमंजरी'चा कर्ता धनपाल, किंवा अवंतीत राहून शुक्ल यजुर्वेदावर भाष्य लिहिणारा उवट. ते मात्र या सभेत शोभेसारखे चमकत नाहीत.

राजवंशाचा क्रमही कथेने उलटा केला आहे. प्रबंधात वृद्ध सिंधुल आधी राज्य करतो, आणि पाच वर्षांच्या भोजाला धाकटा भाऊ मुंज याच्या मांडीवर ठेवून मरतो. मुंज बालकाचा वध करवू पाहतो, आणि मग पश्चात्तापाने विरघळतो. ताम्रपटांचा क्रम याच्या उलट आहे. मुंज आधीचा, त्याच्यामागून त्याचा भाऊ सिंधुराज, आणि त्यानंतर भोज. मुंजाचा अंत दक्षिणेत चालुक्य तैलपाच्या हातून झाला. गोदावरी ओलांडू नये, हा प्रधानाचा सल्ला त्याने मानला नाही, असे मेरुतुंगाने इ. स. १३०५ मध्ये लिहून ठेवले आहे. आणि तरीही प्रबंधकार भोजाच्या राज्याची मुदत पंचावन्न वर्षे, सात महिने व तीन दिवस इतकी नेमकी सांगतो! आकडा जितका नेमका, तितका श्रोत्याचा विश्वास दृढ, हे कथाकाराला पुरते ठाऊक होते.

जुन्या रसिकांना ही विसंगती दिसत नव्हती असे कोणी समजू नये. राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात तीन कालिदासांचा उल्लेख येतो. मुंज व सिंधुराज यांच्या आश्रयास असलेला, 'नवसाहसांकचरिता'चा कर्ता पद्मगुप्त 'परिमल कालिदास' या नावाने ओळखला जाई. तेव्हा भोजाच्या सभेतला कालिदास तो हाच असावा, असा तर्क पुढे पंडितांनी केला. एका कालिदासाचे तीन कालिदास करणे आणि एका फ्लॅशचे दोन फ्लॅश करणे, यांत आम्हांस तरी जातीचा भेद दिसत नाही.

भोजाच्याही मागे विक्रम उभा आहे. 'सिंहासनबत्तिशी'त शेतातल्या एका उंचवट्यावर चढताच शेताचा धनी उदार होतो, आणि खाली उतरताच पुन्हा कृपण बनतो. भोज ते शेत घेऊन खणतो, तेव्हा विक्रमाचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन बाहेर येते. भोज पायरी चढू लागला की, एकेक पुतळी त्याला विचारते : 'विक्रमाचे औदार्य तुझ्यापाशी आहे काय?' हा ग्रंथ मराठीत १८१४ साली श्रीरामपूरच्या छापखान्यात छापला गेला. आपल्या भाषेच्या आरंभीच्या मुद्रित गद्यग्रंथांत त्याची गणना होते. अमेरिकन पंडित फ्रँकलिन एजर्टन यांनी १९२६ मध्ये त्याचे संस्कृत पाठ शेजारी शेजारी लावून प्रसिद्ध केले. त्यांतून एकच गोष्ट प्रांतोप्रांती कशी बदलत गेली, ते स्पष्ट दिसते.

या विक्रमाचे वय हा तर मोठाच पेच. कथा सांगते की, तो प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या शालिवाहनाशी लढताना पडला. परंतु विक्रम संवत् ख्रिस्तपूर्व ५७ मध्ये सुरू होतो, आणि शालिवाहन शक इ. स. ७८ मध्ये. दोहोंत १३५ वर्षांचे अंतर! दक्षिणेत, विशेषतः तमिळ कथनात, यावर मोठी चतुर तोड आहे. विक्रमाला एक हजार वर्षे सिंहासनावर बसण्याचा वर मिळाला होता. तेव्हा सहा महिने राज्य करावे व सहा महिने रानात हिंडावे, म्हणजे आयुष्य दुप्पट होईल, असा सल्ला भट्टीने दिला. कोरलेल्या लेखांचा दाखला निराळा आहे. हा संवत् आधी 'कृत' आणि मग 'मालव' या नावाने चालत होता. मंदसोरच्या पाचव्या शतकातील लेखात तो मालवगणांचाच आहे. 'विक्रम' हे नाव त्याला स्पष्टपणे लागलेले दिसते ते नवव्या शतकात. म्हणजे वर्षे आधीपासून होती. वीर त्यांना मागाहून येऊन मिळाला.

वेताळाच्या पंचवीस कथांचेही तसेच आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नाही, तर गोदातीरावरील प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन आहे. पुढे नाव आखडले आणि राजधानी हलली. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'च्या वाचकांना हा राजा चांगला आठवत असेल. मूळ कथा पंचवीस. मासिकाने त्या कित्येक पटींनी वाढवल्या. राजाने मौन सोडावे, वेताळाने झाडावर परत जावे, आणि पुढच्या महिन्यात जणू काहीच घडले नाही असे समजून पुन्हा आरंभ व्हावा, या योजनेमुळे कथेला शेवट येत नाही, आणि राजाचे वयही वाढत नाही.

सातत्य राखण्याची आणखी एक रीत आहे, आणि ती राजघराण्यांनी वापरली. धारेस १९०३ साली एक मोठी कोरीव शिला सापडली. तीवर मदन कवीची 'पारिजातमंजरी' नाटिका आहे. चार अंकांपैकी दोनच उरले. तेराव्या शतकाच्या आरंभी राज्य करणाऱ्या अर्जुनवर्मदेवाला तीत भोजाचाच पुनरवतार मानले आहे. भोजाला जाऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती. राज्य अडचणीत होते, म्हणून जुने नाव नव्या देहात आणले गेले. पुढे १३०५ मध्ये परमारांची सत्ता संपली. त्यानंतर सव्वाचारशे वर्षांनी पेशव्यांचे सरदार पवार माळव्यात आले. आनंदराव पवारांचा वंश धारेस नांदला. तुकोजी व जिवाजी या बंधूंनी १७२८ पासून देवास सांभाळले, आणि तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात झाली. १९४८ मध्ये ती मध्यभारतात विलीन झाली. या घराण्यांनी आपला वंश परमारांशी जोडला. पुरलेले सिंहासन पुन्हा सापडले, हीच ती जुनी कथा. देवासच्या थोरल्या पातीचे एक राजे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर गेले. त्यांचे मूळ नाव विक्रमसिंह होते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

या रीतीचे सर्वांत स्वच्छ चित्र आम्हांस एका चित्रकथेतच सापडले. १९६४ पासून निघालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये ली फॉक यांच्या 'फँटम'ला 'वेताळ' हे नाव मिळाले, आणि त्याची भूमी भारतीय वाचकांसाठी 'डेंकाली' झाली. अरण्यातील लोक समजतात की, हा चारशे वर्षे न मरणारा एकच पुरुष आहे. वस्तुतः तो एकविसावा. बापामागून मुलाने तोच मुखवटा चढवला आहे. मात्र गुहेत प्रत्येक पिढीने स्वहस्ते लिहिलेल्या वह्या ओळीने मांडलेल्या आहेत. बाहेर दंतकथा आणि आत दप्तर, अशी ही व्यवस्था. आपल्या देवळांतला वेताळ याहून वेगळा आणि थोर; पण आमोणे, पैंगीण, लोलये येथील भाविकांना, आणि आरवलीच्या वेतोबाला रात्रीच्या फेरीत झिजतात म्हणून नव्या वहाणा वाहणाऱ्यांना, न थकता चालणारा रक्षक ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

तेव्हा कथेतली विसंगती दाखवणारा वाचक श्रद्धाहीन असतो, हे आम्हांस मान्य नाही. ज्याचे प्रेम नाही, तो तारखा ताडून पाहण्याचे कष्टच घेत नाही. धारेच्या शिक्षणखात्यातील काशिनाथ कृष्ण लेले यांनी लुअर्ड यांच्यासह १९०८ मध्ये परमारांचा इतिहास प्रसिद्ध केला, तो अशाच प्रेमाने. परंतु एक सावधगिरी हवी. कथा नावाचे सातत्य राखते, आणि लेख काळाचे. एकीचा दाखला दुसऱ्याच्या जागी ठेवला की, घोटाळा होतो. धारेतील प्राचीन वास्तूविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेला, हे वाचकांस ठाऊक आहेच. अशा प्रसंगी 'आम्ही ऐकले आहे' आणि 'येथे कोरले आहे' या दोन वाक्यांतला फरक ज्यांना सांगता येतो, त्यांच्यावर मोठी जबाबदारी असते.

आपल्या देवस्थानांची माहात्म्ये आणि कुळांचे वृत्तांत यांनाही हाच न्याय लागू आहे. माहात्म्य उत्सवात वाचावे, मुलांना सांगावे, त्यातील एक अक्षरही गाळू नये. आणि त्याच देवळाच्या कपाटातील जुन्या सनदा, हिशेबाच्या वह्या व भिंतीवरचे लेख वाळवी लागण्याआधी उतरून ठेवावेत. भोजाची सभा आपण बल्लाळाकडून ऐकू, आणि त्याच्या दानाची तिथी बेटम्याच्या ताम्रपटावर वाचू. दोन्हींचे जतन आपल्याच हाती आहे.