दोषांची मोजदाद : सेंट अँड्र्यूजचे मैदान आणि एक विसरलेला वाद

एखादी कलाकृती सदोष आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो? दोष त्या कृतीत असतो, की आपण हाती घेतलेल्या मापपट्टीत? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. परंतु तो जितक्या उघडपणे आणि जितक्या हट्टाने साहित्याबाहेरच्या एका क्षेत्रात लढवला गेला, तितका साहित्यातही क्वचितच लढवला गेला असेल. ते क्षेत्र म्हणजे गोल्फचे मैदान. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोल्फ खेळणाऱ्या आणि गोल्फवर लिहिणाऱ्या काही मंडळींमध्ये, कोणते मैदान चांगले आखलेले आणि कोणते नावाजलेले असूनही त्या लौकिकास अपात्र, यावर मोठा वाद झाला. गोल्फशी ज्यांचा काहीही संबंध नाही अशा वाचकांनीही तो वाद समजून घ्यावा, इतके त्यात समीक्षेच्या दृष्टीने मोलाचे आहे.

वादाच्या केंद्रस्थानी होते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावाचे 'ओल्ड कोर्स' हे मैदान. या मैदानाचे पहिले वैशिष्ट्य असे की, त्याला कर्ता नाही. समुद्रकाठच्या वालुकामय गवताळ पट्टीवर लोक पिढ्यानपिढ्या खेळत गेले आणि मैदान घडत गेले. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांनी दिलेल्या सनदेत, या जागेवर ससे पाळण्याचा हक्क मान्य करतानाच गावकऱ्यांचा तेथे गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. पुढे १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ दिली, तेव्हा गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे संघर्ष चालला. १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला आणि १८९४ च्या कायद्याने ती पुन्हा गावाची झाली. हे मैदान अशा रीतीने सार्वजनिक आहे. जणू एखाद्या लोककथेप्रमाणे अनेक तोंडांतून घडलेले.

या घडणीच्या खुणा मैदानाच्या अंगावर आहेत. चेंडू ज्या छिद्रात घालायचा त्याच्या भोवतालच्या कापलेल्या हिरवळीला 'ग्रीन' म्हणतात. इतरत्र प्रत्येक छिद्राला, म्हणजे 'होल'ला, स्वतंत्र ग्रीन असते. इथे अठरापैकी चौदा होल सात प्रचंड ग्रीनवर जोडीजोडीने नांदतात, कारण मुळात अरुंद पट्टीवर जाताना आणि येताना तीच छिद्रे वापरली जात. अठरा ही संख्यादेखील इथलीच. पूर्वी एका फेरीत बावीस होल खेळले जात. १७६४ मध्ये पहिल्या चारांचे दोन केले, जाता-येता मिळून चार कमी झाले आणि उरलेले अठरा पुढे जगाचे प्रमाण ठरले. वाळूचे खड्डे, म्हणजे 'बंकर', शंभराहून अधिक आहेत; त्यांतले कित्येक जिथून चेंडू मारायचा तिथून दिसतच नाहीत. याचेही कारण इतिहासात सापडते. एकेकाळी हे मैदान उलट दिशेनेही खेळले जाई. त्या दिशेने येणाऱ्याला समोर दिसणारा खड्डा आजच्या दिशेने जाणाऱ्याला उंचवट्याआड लपलेला असतो. सतराव्या होलवर तर ग्रीनला लागून चक्क रस्ता आहे, त्यापलीकडे भिंत आहे, आणि दोन्ही खेळाचाच भाग मानले जातात.

आता हे सारे डोळ्यांपुढे ठेवून जोशुआ क्रेन यांच्याकडे वळू. क्रेन हे बॉस्टनचे सधन, सुशिक्षित आणि अनेक खेळांत निष्णात गृहस्थ. गोल्फच्या मैदानांबद्दलची चर्चा आवडीनिवडीच्या आणि भक्तिभावाच्या पातळीवर चालते, हे त्यांना खटकत होते. १९२० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ब्रिटनमधील नामांकित मैदानांची रीतसर परीक्षा घेतली. प्रत्येक होलचे घटक पाडले: लांबी, दृश्यता, खड्ड्यांची रचना, ग्रीनची घडण इत्यादी. प्रत्येक घटकाला भार ठरवला, गुण दिले, बेरीज केली. क्रेन यांची न्यायाची कल्पना साधी होती. चांगल्या फटक्याला बक्षीस मिळावे, वाईट फटक्याला त्याच्या वाईटपणाच्या प्रमाणात शिक्षा व्हावी आणि नशिबाचा वाटा शक्य तितका कमी असावा. या हिशेबात म्युअरफिल्ड हे मैदान सर्वांत वर आले. आणि गोल्फचे माहेरघर मानले गेलेले सेंट अँड्र्यूज तळाला गेले.

क्रेन यांना वेड्यात काढणे सोपे होते, पण ते न्याय्य ठरले नसते. त्यांनी आपले निकष उघड केले होते. 'हे मैदान थोर आहे' असे म्हणणाऱ्याने ते का थोर आहे हे सांगितले पाहिजे, ही त्यांची मागणी कोणत्याही समीक्षकाला मान्य व्हावी अशीच आहे. शिवाय त्यांच्या बाजूने एक मोठा साक्षीदारही होता. १९२१ मध्ये बॉबी जोन्स हा एकोणीस वर्षांचा अमेरिकन खेळाडू ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठी प्रथमच सेंट अँड्र्यूजला आला. तिसऱ्या फेरीत त्याचा खेळ आधीच बिघडला होता. अकराव्या होलच्या बंकरने त्याची आणखी परीक्षा पाहिली आणि त्याने तिथेच डाव सोडून दिला. त्या काळात त्याचे या मैदानाबद्दलचे मत काही बरे नव्हते.

क्रेन यांना उत्तर देणाऱ्यांत दोघे प्रमुख होते. पहिले मॅक्स बेअर, १९०८ च्या अमेरिकन हौशी अजिंक्यपद स्पर्धेतील उपविजेते, पुढे संपादक आणि मैदानांचे रचनाकार. बेअर यांचा आक्षेप गुणांच्या बेरजेला नव्हता, तर तिच्यामागच्या न्यायकल्पनेला होता. खड्डा म्हणजे अपराध्यासाठी ठेवलेला तुरुंग नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मैदानाच्या दोन्ही बाजूंना उंच गवत वाढवून मधून एक ठरीव वाट काढून दिली, की खेळाडूला स्वतः विचार करण्यासारखे काही उरत नाही. आज्ञा पाळली की नाही एवढेच तपासले जाते. याउलट सेंट अँड्र्यूजचा विस्तीर्ण माळ खेळाडूला मोकळे सोडतो. कुठून जायचे, किती जोखीम घ्यायची, हे त्याने वाचायचे. चुकीचे वाचन केले तर शिक्षा ताबडतोब होत नाही. पुढचा फटका अवघड होऊन बसतो.

दुसरे डॉ. ॲलिस्टर मॅकेंझी. हे पेशाने वैद्य. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्यांनी बोअर सैनिकांची लपण्याची कला पाहिली आणि तिचा उपयोग पुढे मैदाने आखताना केला. १९२० मध्येच त्यांनी मैदानरचनेवर पुस्तक लिहिले होते. १९२४ मध्ये त्यांनी केलेला ओल्ड कोर्सचा नकाशा आजही प्रसिद्ध आहे. त्यांचा मुद्दा असा होता की, खरोखर उत्तम होल पहिल्या भेटीत आवडत नाही. त्यात दडलेले प्रश्न उलगडायला वेळ लागतो आणि तोवर त्याची निंदा होणे स्वाभाविक असते. ज्या मैदानाबद्दल कोणाचीच तक्रार नाही ते बहुधा नीरस असणार.

पुढे काय झाले ते या पक्षाला अनुकूल ठरले. जोन्स पुन्हा सेंट अँड्र्यूजला आला, खेळत राहिला, मैदान वाचायला शिकला. १९२७ मध्ये त्याने तिथेच २८५ फटक्यांत ओपन जिंकून त्या स्पर्धेचा तेव्हाचा विक्रम केला. १९३० मध्ये तिथेच ब्रिटिश हौशी स्पर्धाही जिंकली. पुढे त्याने स्वतःचे मैदान उभारायचे ठरवले, तेव्हा मॅकेंझी यांनाच सोबत घेतले. १९३३ मध्ये खुले झालेले ऑगस्टा नॅशनल मूळ रूपात रुंद वाटांचे आणि अगदी थोड्या बंकरांचे होते, म्हणजे वृत्तीने सेंट अँड्र्यूजचे. १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने जोन्सला नगराचे मानद नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन.

इथे आपल्याकडचा एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. मम्मटाने काव्याच्या लक्षणात शब्दार्थांच्या निर्दोषत्वाचा समावेश केला. विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला: निर्दोषत्व ही अट घातली, तर काव्य अत्यंत विरळ होईल, कदाचित उरणारच नाही. ध्वनिकारांनी उत्तम म्हणून गौरवलेल्या श्लोकातही विधेयाविमर्श दोष दाखवता येतो. किड्याने पोखरले म्हणून रत्नाचे रत्नपण जात नाही, हा त्याचा दृष्टान्त आपण वर्गात शिकवतोच. आनंदवर्धनाने तर त्याच्या कितीतरी आधी नित्य आणि अनित्य दोषांचा विवेक केला होता. जो कर्णकटूपणा शृंगारात दोष ठरतो, तोच रौद्रात खपतो, इतकेच नव्हे, शोभतो. सतराव्या होलवरचा रस्ता हा असा अनित्य दोष आहे. दुसऱ्या एखाद्या मैदानावर कोणी रस्ता आणून ठेवला असता, तर त्याला हसले असते. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा चेंडू त्या रस्त्यावर गेला आणि सहावे ओपन विजेतेपद त्याच्या हातून निसटले. तेव्हा तो रस्ता अन्यायाचा नव्हे, तर शोकान्तिकेचा भाग झाला.

तथापि विश्वनाथाच्या बाजूने उभे राहिल्यावर एक धोका लक्षात ठेवावा लागतो. 'तुम्हाला हे मैदान आवडत नाही, कारण तुम्हाला ते अजून कळलेले नाही' हा मॅकेंझींचा युक्तिवाद कोणत्याही वाईट मैदानासाठी वापरता येतो, आणि कोणत्याही दुर्बोध कवितेसाठीही. प्रत्येक निंदा हीच जर थोरवीची खूण मानली, तर समीक्षेला काम उरत नाही. म्हणून या वादात मला निर्णायक वाटते ते मॅकेंझींचे विधान नव्हे, तर जोन्सचे वाचन. तो भक्तिभावाने शरण गेला नाही. तो पुनःपुन्हा खेळला आणि मत बदलण्याजोगा पुरावा त्याला खेळातच मिळाला. पुनर्वाचनाने कृती वाढते की आटते, ही कसोटी क्रेन यांच्या तक्त्यात नव्हती. एका भेटीत ती लावताही येत नाही.

क्रेन यांच्या अव्वल क्रमांकाच्या मैदानाची पुढची कथाही बोलकी आहे. म्युअरफिल्डवर १८९२ मध्ये पहिल्यांदा ओपन झाली, तेव्हा सेंट अँड्र्यूजचा खेळाडू अँड्र्यू कर्काल्डी याने त्याची पाणथळ कुरण म्हणून हेटाळणी केली होती. म्हणजे अपात्रतेचा शिक्का आधी त्याच्यावर बसला होता. १९२० च्या दशकात हॅरी कोल्ट यांनी त्याची फेरआखणी केली आणि आज त्याच्या रचनेला कोणी नावे ठेवत नाही. परंतु मे २०१६ मध्ये तिथल्या क्लबने स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा प्रस्ताव आवश्यक बहुमताअभावी फेटाळला आणि म्युअरफिल्डला ओपनच्या यजमान मैदानांतून वगळण्यात आले. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान होऊन निर्णय बदलला आणि २०२२ मध्ये तिथे स्त्रियांची ओपन स्पर्धा झाली. दृश्यता, लांबी, बंकर यांचे काटेकोर गुण मांडणाऱ्या तक्त्यात 'इथे खेळण्याचा हक्क कोणाला?' हा रकानाच नव्हता. सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांसाठी हा हक्क १५५२ मध्येच लिहिला गेला होता. पण तिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबनेही स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय २०१४ मध्येच घेतला, हेही विसरू नये. जमीन सर्वांची असली तरी क्लब सर्वांचा नव्हता.

सगळ्यांत चिंतेची गोष्ट मात्र वेगळी आहे. निकष केवळ कृतीला मोजत नाहीत; पुरेसा अधिकार मिळाला की ते तिला बदलू लागतात. ज्या अकराव्या होलवर जोन्सने डाव सोडला, त्याचे ग्रीन पूर्वापार तीव्र उताराचे. चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी अमेरिकेत लाँग आयलंडवर आदर्श मैदान उभारताना ज्या होलांच्या प्रतिकृती केल्या, त्यांत हा अकरावा आणि तो रस्त्याचा सतरावाही होता. परंतु आधुनिक स्पर्धांना गवत फार बारीक कापलेले आणि ग्रीन वेगवान हवे असते. त्या वेगात उतारावर चेंडू ठरेना. तेव्हा गवत वाढू देण्याऐवजी उतार कमी करण्याचे ठरले. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बदलांची घोषणा झाली, टॉम डोक यांच्यासारख्या रचनाकारांनी निषेधाचे निवेदन काढले, तरी काम झाले. त्यानंतर २०१५ च्या ओपनमध्ये जोराच्या वाऱ्याने चेंडू त्याच अकराव्या ग्रीनवरून हलू लागले आणि खेळ दहा तासांहून अधिक काळ थांबवावा लागला. क्रेन वादात हरले असे म्हणतात. पण हाती फावडे आले ते त्यांच्याच विचारसरणीच्या.

आपण शिक्षक मंडळी घटकवार गुणविभागणीच्या तक्त्यांत रोज वावरतो. उत्तरपत्रिका तपासताना तो तक्ता लागतोच. तो नसेल तर लहरीपणा माजेल, हे क्रेन यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु विद्यार्थी हळूहळू तक्त्यासाठीच लिहू लागतो आणि ज्या एका वाक्यात त्याचा स्वतःचा विचार वळण घेत होता, ते वाक्य 'मुद्द्याला सोडून' म्हणून सपाट होते, हेही आपण पाहतो. तक्ता टाकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सपाट करण्याआधी त्या उंचवट्यावरून निदान दोनदा, दोन दिशांनी चालून पाहावे, एवढेच हे मैदान सुचवते. तिकडून येणाऱ्याला तो खड्डा कदाचित समोरच दिसत असेल.